जोड

सामना संपल्यावर मुलगा गाडीत मागे बसला आणि खिडकीकडे तोंड करून राहिला. बाहेर मार्चच्या सुरुवातीचं इंडियाना होतं. मका कापून नेलेली शेतं, रस्त्याच्या कडेला मळकट बर्फ आणि अधूनमधून कुणाच्या तरी गोठ्याच्या भिंतीवर ठोकलेलं बास्केटबॉलचं कडं. आमची शाळा सेक्शनलच्या, म्हणजे राज्यस्पर्धेच्या पहिल्या टप्प्याच्या, अंतिम सामन्यात अठ्ठावीस गुणांनी हरली होती. समोरची शाळा खाजगी होती. दोन्ही शाळांचा पट चारशेच्या आतबाहेर, म्हणून दोघी एकाच गटात. पण आमची चारशे मुलं एका लहान गावातली आणि भोवतालच्या शेतवस्त्यांवरची. त्यांची चारशे मुलं अख्ख्या शहरातून आणि उपनगरांतून आलेली, कुणी फी भरून, कुणी सरकारी व्हाउचरवर.

पुढच्या सीटवर माझे सासरे होते. सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या गावाहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आलेले. तरुणपणी त्यांनी कोल्हापुरात तालमीत चार वर्षं काढली, गुडघा गेल्यावर गावी परतले, आणि पुढे तीस वर्षं गावच्या जत्रेत पंच म्हणून कुस्त्या जोडल्या. मी त्यांना मामा म्हणतो, मुलं आबा म्हणतात.

"त्यांच्यात साडेसहा फुटी पोरं किती हुती रं?" मामांनी मागे न बघता विचारलं.

"तीन."

"आन तुमच्यात?"

मुलानं उत्तर दिलं नाही. मामांनीही पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात गावात दुसरा विषय नव्हता. पेट्रोल पंपावर, चर्चच्या आवारात, वाण्याच्या रांगेत एकच बोलणं: खाजगी शाळांची स्पर्धा वेगळी काढा. शाळेच्या उपाहारगृहात पालकांची बैठक ठरली. राज्याच्या क्रीडासंघटनेला पत्र लिहायचं, सोबत आकडे जोडायचे. आकड्यांचं काम माझ्याकडे आलं. मी मूळचा पुण्याचा. कोथरूडच्या कमिन्समधून कंपनीच्या मुख्यालयात, इंडियानातल्या कोलंबस शहरात आलो आणि पुढे या लहान गावाचाच झालो. डिझेल इंजिनांच्या चाचण्यांचे तक्ते करण्यात माझी पंधरा वर्षं गेली आहेत. मुलाचं पडलेलं तोंड डोळ्यांसमोर होतं. मी रात्री बसून आमच्या गटातले गेल्या काही वर्षांतले विजेते काढले आणि खाजगी शाळांना लाल रंग दिला. शाळांच्या एकूण संख्येत त्यांचा वाटा थोडा, पण तक्त्यात बघावं तिकडे लाल. मला बरं वाटलं. आपला राग आकड्यांत बसला की तो राग वाटेनासा होतो, न्याय वाटायला लागतो.

सकाळी चहाचा कप घेऊन मामा त्या कागदावर वाकले.

"लाल म्हंजे?"

"खाजगी शाळा, मामा. जिंकलेल्या."

"आन हरलेल्या खाजगी शाळा कुटं हायत?"

मी म्हणालो, त्यांची इथे गरज नाही. बोलून गेल्यावर माझं मलाच ते खटकलं. कारण हरलेल्या होत्या, पुष्कळ होत्या. साठ-सत्तर मुलांच्या, चर्चच्या तळघरात भरणाऱ्या, पाच खेळाडू आणि दोन राखीव उभे करतानाच दमणाऱ्या शाळा. पत्रात त्यांनाही आम्ही त्याच लाल रंगात वेगळं काढा म्हणत होतो.

मामांनी कप खाली ठेवला. "जावईबापू, ह्यो तक्ता मी एकदा केलाय. कागदावर न्हाई, मैदानात."

ते सांगू लागले.

त्यांच्या गावची जत्रा चैत्रातली. पालखी फिरून आली की दुपारी मैदान. तांबड्या मातीत ताक, हळद, लिंबू, तेल घालून ती चार दिवस आधी मळलेली असते. हलगी सुरू झाली की आधी लहानग्यांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग इनाम चढत जातं, आणि उन्हं कलता कलता शेवटची मोठी कुस्ती. मैदानात वजनकाटा नसतो. पैलवान आखाड्यात येऊन उभे राहतात, पंच त्यांचे हात धरून एकमेकांशेजारी उभे करतात, मान बघतात, मांडी बघतात, कान फुटलाय का बघतात. पण नुसतं बघून जोड लावणारा पंच कच्चा. मामा म्हणाले, जाणता पंच तीन गोष्टी विचारतो. कुठल्या तालमीचा? खुराक काय? गेल्या साली कुणाला पाडलंस? कारण वजन सारखं असलं तरी एक पोरगं दिवसभर उसाला पाणी देऊन संध्याकाळी भाकरी खाणारं असतं, आणि दुसऱ्याला तालमीत वस्ताद असतो, दूध असतं, बदाम असतात, अंग रगडून द्यायला जोडीदार असतात.

"मंग एकदा आसं झालं," मामा म्हणाले. सलग तीन वर्षं कोल्हापूरच्या तालमींतली पोरं आली आणि मोठी इनामं घेऊन गेली. गाव चिडलं. वर्गणी आपली, माती आपली, आणि फेटा परक्याच्या डोक्यावर. बैठक झाली. ठरलं, यंदापासून मैदान फक्त पंचक्रोशीच्या पोरांचं. पंच म्हणून मामांचीही मान हलली. पहिल्या वर्षी गुलाल उधळला, सगळी इनामं गावात राहिली. दुसऱ्या वर्षी लोकांच्या लक्षात आलं की इनामं गावात राहतात, पण त्याच तीन घरांत. पाटाच्या पाण्यावर वीस-वीस एकर ऊस असलेली, दावणीला पाच म्हशी असलेली घरं. मग कुजबुज सुरू झाली, बागायतदारांची पोरं वेगळी काढा. तिसऱ्या वर्षी नदीपलीकडची वाडी पंचक्रोशीत धरायची की नाही यावरून काठ्या निघाल्या. आणि गावची जिंकलेली पोरं दुसऱ्या जत्रांना गेली तिथे दोन मिनिटांत चितपट झाली, कारण तालमीतल्या पोराच्या अंगाला त्यांचं अंग तीन वर्षांत लागलंच नव्हतं.

इथे मामा थांबले. मला वाटलं संपलं. पण खरी गोष्ट पुढेच होती.

"त्या पयल्याच साली एक धनगराचं पोरगं आलं हुतं. सतरा-अठरा वर्षांचं. मी त्येची जोड बागायतदाराच्या पोराशी लावली. दोगंबी आपलीच, वजन सारखं. मी तालीम इचारली न्हाई, खुराक इचारला न्हाई. बाहीरच्या पोराला इचारलं आसतं. आतला हाय म्हनून इचारलंच न्हाई." त्या पोराच्या गळ्याचं हाड मोडलं. पुन्हा तो कधी लाल मातीत उतरला नाही. तिसऱ्या वर्षानंतर मामा स्वतः कोल्हापूरला जाऊन वस्तादांना निमंत्रण देऊन आले. मैदान सगळ्यांना उघडं झालं, पण जोड लावताना ते तीन प्रश्न प्रत्येकाला विचारायचे, गावच्या पोराला आधी.

जिन्यावर पावलं वाजली. मुलगा पायरीवर बसून ऐकत होता. किती वेळ, ते कळलं नाही.

"बाबा," तो म्हणाला, "स्पर्धेच्या पहिल्या रात्री आपण ज्यांना हरवलं त्यांचं काय?"

आमच्या गटातली ती सगळ्यांत लहान शाळा. गावातला कारखाना बंद पडला, माणसं गेली, पट दरवर्षी उतरतोय. त्यांना आमच्या मुलांनी एकेचाळीस गुणांनी हरवलं होतं आणि मी उभा राहून टाळ्या वाजवल्या होत्या. त्यांच्यासाठी कुणी बैठक बोलावली नव्हती.

"आणि आपला पॉइंट गार्ड," मुलगा पुढे म्हणाला, "तो आपल्या हद्दीत राहतच नाही."

हे मला माहीत होतं. इंडियानात सरकारी शाळेला आपल्या हद्दीबाहेरचं मूल घेता येतं, आणि मूल जिथे जातं तिथे राज्याचं अनुदान त्याच्यामागे जातं. त्याचे वडील रोज अर्धा तास गाडी चालवून त्याला सोडायचे. मी त्यांचं कौतुकही केलं होतं, मुलासाठी किती करतात म्हणून.

त्या रविवारी मी मामांना मायलनला घेऊन गेलो. इंडियानात बास्केटबॉल समजून घ्यायचा तर त्या गावाला जावंच लागतं. 1954 मध्ये इथल्या 161 विद्यार्थ्यांच्या शाळेनं मन्सी सेंट्रल या बलाढ्य शाळेला 32-30 असं हरवून राज्याचं अजिंक्यपद मिळवलं. तेव्हा सगळ्या राज्याची एकच स्पर्धा असायची, लहान-मोठी शाळा असा भेदच नव्हता. शेवटच्या डावात बॉबी प्लंप हा मुलगा चार मिनिटांहून जास्त वेळ चेंडू हातात धरून उभा राहिला आणि अगदी शेवटच्या क्षणी त्यानं तो कड्यातून टाकला. यावरून स्फूर्ती घेऊन 1986 मध्ये 'हूजियर्स' नावाचा सिनेमा निघाला. गावातल्या पाण्याच्या टाकीवर ते वर्ष अजून रंगवलेलं आहे. मामांनी टाकीखाली उभं राहून मान वर करून ते वाचून घेतलं.

"त्या साली समद्या मिळून शाळा किती हुत्या?"

"सातशेच्या वर."

"मंग बाकीच्या ल्हान शाळांचं काय झालं?"

मी कधी हा प्रश्न विचारला नव्हता. बाकीच्या लहान शाळा हरल्या. वर्षानुवर्षं हरल्या. म्हणून तर 1997 नंतर एकच स्पर्धा बंद करून पटावरून चार गट पाडले. मायलनच्या आठवणीनं डोळे ओले होणारी माणसं त्या निर्णयावर आजही चिडतात. पण एका चितपटीची गोष्ट गावोगाव सांगितली जाते आणि न जुळलेल्या शेकडो जोडींची कुणी सांगत नाही, हे मला त्या टाकीखाली कळलं.

मी तक्ता फाडला आणि दुसरा करायला घेतला. इतर राज्यांनी काय केलंय ते वाचलं. टेनेसीनं 1997 मध्ये आर्थिक मदत देऊन मुलं घेणाऱ्या खाजगी शाळांसाठी वेगळा विभागच काढला. टेक्सासमध्ये तर सरकारी शाळांची संघटना जवळजवळ पूर्ण वेगळी आहे. इलिनॉयमध्ये 2005 पासून हद्द नसलेल्या शाळांच्या पटाला 1.65 नं गुणतात. चारशेची शाळा कागदावर 660 ची होते आणि मोठ्या गटात जाते. ऐकायला सोपं, पण हा गुणक शाळेचा प्रकार बघतो, शाळा बघत नाही. जिंकणाऱ्या खाजगी शाळेला आणि तळघरातल्या शाळेला एकच आकडा लागला, तेव्हा तिथेही पुढे सवलती द्याव्या लागल्या, आणि यशस्वी संघांना वर ढकलण्याचा नियम वेगळा आणावा लागला.

मग ओहायोचं वाचलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो. तिथे काही वर्षं सभासद शाळांनी मतदानात प्रस्ताव फेटाळला, शेवटी एक मान्य झाला आणि 2017 पासून लागू आहे. ते संघातला एकेक खेळाडू बघतात, तो कुठून आला. सरकारी शाळेत हद्दीबाहेरून आला असेल तरी मोजतात, खाजगी शाळेत तिच्या नेहमीच्या खालच्या वर्गांतून न येता बाहेरून आला असेल तरी मोजतात, आणि तेवढा शाळेचा आकडा वाढवतात. कुठल्या तालमीचा, हाच तो प्रश्न. मिनेसोटात सवलतीच्या जेवणाला पात्र असलेल्या मुलांचा काही हिस्सा पटातून वजा करतात. खुराक काय, हे तिथे विचारतात. आणि आमच्याच इंडियानात 2012 मध्ये ठरून पुढच्या वर्षीपासून लागू झालेला नियम असा: सेक्शनल जिंकलं की एक गुण, रीजनलला दोन, सेमीस्टेटला तीन, राज्य जिंकलं तर चार. दोन वर्षांत सहा गुण झाले की संघ एक गट वर. शाळा सरकारी की खाजगी, याची चौकशीच नाही. गेल्या साली कुणाला पाडलंस, एवढंच. हे सगळे नियम आधीपासून लिहिलेले होते, पण मामांच्या तीन प्रश्नांवाचून मला ते वाचता येत नव्हते.

नव्या तक्त्यात मी सगळ्या शाळा घेतल्या, जिंकलेल्या, हरलेल्या, सरकारी, खाजगी. बाहेरून आलेल्या खेळाडूंचा रकाना केला. पहिल्या ओळीत आमची शाळा लिहिली.

बैठकीला दीडशे माणसं होती. मी बोलायला लागलो तेव्हा चुळबूळ झाली, आणि आमच्या ओळीवर आलो तेव्हा शांतता. एक जण उठून म्हणाला, "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं आलात?" मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं, तरी पॉइंट गार्डचे वडील तिसऱ्या रांगेतून उभे राहिले. "ती ओळ माझ्या मुलाची आहे," ते म्हणाले. "आमच्याकडच्या शाळेत गणिताला वर्षभर शिक्षक नव्हता. इथे होता, म्हणून आणलं. बास्केटबॉल नंतरची गोष्ट." ते बसले. मला वाटतं खोलीतल्या पुष्कळांच्या मनात त्या क्षणी तेच आलं जे माझ्या मनात आलं: त्या खाजगी शाळेतल्या साडेसहा फुटी पोराच्या आईबापांनाही कुणी विचारलं तर ते असंच काहीतरी सांगतील.

मी म्हणालो, सरकारी शाळाही सगळ्या सारख्या नाहीत. आपल्याच इंडियानातल्या कार्मेलची सरकारी शाळा पाच हजारांवर मुलांची आहे, आणि तिच्या मुलींनी 1987 पासून 2025 पर्यंत पोहण्याचं राज्य अजिंक्यपद एकदाही सोडलेलं नाही. खाजगी शाळा उद्या निघून गेल्या तरी आपण आणि ती शाळा एका नावाखाली राहूच. मग त्यांना वेगळं काढा म्हणणार का? आपण पत्र लिहू, पण त्यात मागू की बाहेरून आलेला खेळाडू प्रत्येक शाळेचा मोजा, आपलाही. गरीब वस्तीतल्या शाळेचं ओझं कमी करा. आणि जिंकणाऱ्याला वर चढवायचा नियम आणखी कडक करा.

ट्रॅक्टरचं दुकान चालवणाऱ्या एका बाईंनी हात वर केला. "म्हणजे आपण जिंकलो तर आपणही वर जाणार?"

"हो."

"लहान शाळा असून?"

"हो."

पत्र गेलं, पण खोलीतल्या अर्ध्यांनीच सही केली. काही जण माझ्याशी त्यानंतर नीट बोलले नाहीत, एक जण अजून बोलत नाही. त्याचा मुलगा आणि माझा मुलगा एकत्र खेळायचे. याचं मला वाईट वाटतं, आणि तरीही ते पत्र मी पुन्हा तसंच लिहीन. मामा मेअखेर गावी परतले.

दोन वर्षांनी गोष्ट आमच्याच घरात आली. या वेळी मुलीचा संघ होता. आमच्या शाळेच्या मुलींनी सलग दोन वर्षं सेमीस्टेट जिंकलं. दोन्ही वेळा राज्याच्या अंतिम सामन्यात हरल्या. तीन आणि तीन, सहा गुण. वसंतात कळलं की पुढच्या हंगामात त्यांना वरच्या गटात खेळायचंय, दुप्पट पटाच्या शाळांशी. गावात पुन्हा तेच बोलणं सुरू झालं, अन्याय, अन्याय. बैठकीत पत्रावर सही केलेले दोघे-तिघेही त्यात होते. मी घरी आलो तर मुलगी जेवणाच्या टेबलावर डोकं ठेवून बसली होती. ती म्हणाली, "बाबा, तुमच्याच पत्रात होतं ना हे?"

मला उत्तर सुचेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गावी फोन लावला. जत्रेचा दिवस होता हे विसरलोच होतो. पलीकडे हलगी एवढी जोरात की मामांचा आवाज अर्धाच ऐकू येत होता. मुलीनं फोन घेतला आणि ओरडून सांगितलं, "आबा, आम्हाला जिंकल्याची शिक्षा दिली. वरच्या गटात टाकलं."

"शिक्षा?" मामा म्हणाले. "आगं, मोठ्या इनामावर नाव पुकारलं की आमच्यात पोराला खांद्यावर घेऊन मैदानाची फेरी मारत्यात. तुला कुनी खांद्यावर घेतलं का न्हाई?"

ती रडता रडता गप्प झाली.

"पयली म्याच कवा हाय?"

"नोव्हेंबरात."

"म्हंजे सात म्हयने हायत. कुनाशी?"

तिनं त्या खाजगी शाळेचं नाव सांगितलं. त्यांच्या मुली आधीच वर गेलेल्या होत्या.

"मंग जोड लागली," मामा म्हणाले. "चल, हितं पोरं थांबल्यात."

फोन बंद करायचा मात्र त्यांच्याकडून राहिला. तो हातात धरून आम्ही तिघं ऐकत होतो. हलगी थोडी मंदावली, आणि मामा कुणाला तरी विचारत होते, "हात दे बघू. आपल्याच गावचा न्हवं तू? कुठल्या तालमीत जातोस? आन खातोस काय?"